खालच्या फळीवरचे स्टोव्ह

त्यांचं खरं नाव बाप्तिस्म्याच्या वहीत लिहिलं गेलं आणि तिथंच राहिलं. लोकांसाठी ते पिनकाका. स्टोव्हची पिन कायम कानावर खोचलेली असायची, म्हणून. रविवारी उपासनेला बसले तरी पिन कानावरच. पाळकसाहेब एकदा गमतीनं म्हणाले होते, "काका, स्वर्गाच्या दारातही तुम्हाला आधी हेच विचारतील, की जरा बघा हो, आमचा बर्नर चोंदलाय." सगळी मंडळी हसली होती. पिनकाका सगळ्यांत जास्त हसले होते.

दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली. पत्र्याचं दार, एक शेगडा, एक टेबल आणि भिंतीला दोन फळ्या. वरच्या फळीवर विकायचे स्टोव्ह, खालच्या फळीवर द्यायचे. दर थंडीत चर्चच्या मंडळीतर्फे गरिबांना स्टोव्ह वाटत, आणि ते सगळे पिनकाकांच्या दुकानातून फुकट जात. अकरा हिवाळे हे चाललं होतं. वाटपाच्या दिवशी पाळकसाहेब त्यांना उभं करत, लोक टाळ्या वाजवत, आणि पिनकाका मान खाली घालून उभे राहत. मान खाली असली तरी कान टाळ्यांकडेच असत, हे त्यांच्या बायकोला ठाऊक होतं.

आता फळ्यांचं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथंच अडकलेली आहे.

भंगारवाला जुने पितळी स्टोव्ह आणून टाकायचा. ज्याची टाकी धड, त्याला पंपाचा नवा वायसर, नवा बर्नर, लिंबू-राखेची घासणी, की तो चढला वरच्या फळीवर. ज्याची टाकी धड नाही, तो खाली. त्याचा जुना वायसर उलटा करून, तेलात भिजवून परत बसवायचा. टाकीच्या सांध्याला बारीक चीर असली तर तिच्यात ओला साबण घोटून भरायचा आणि वरून रंगाचा हात मारायचा. रॉकेलमध्ये साबण विरघळत नाही, तो धरून ठेवतो. किती दिवस? कधी महिना, कधी दोन-चार वर्षं. कधी पाच-सहा वेळाच. टाकी तापली, हवेचा जोर चढला, की साबणाचं काही सांगता येत नाही.

आणि हा माल चुकून विकायच्या मालात जाऊ नये म्हणून पिनकाका त्याच्या बुडावर खिळ्यानं खूण कोरत. मंडळीचा माल, म्हणून खूण क्रूसाची.

बायको एकदा म्हणाली होती, "अहो, प्रभूच्या नावानं द्यायचं आणि ते असलं?"

"अगं, धर्माची गाय, तिचे दात काय मोजायचे? काहीच नसण्यापेक्षा बरं नाही का?"

"दात नसले तरी गाय शिंग मारते," ती म्हणाली आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही. न बोलणारी बायको हे घरात वाजणारं घड्याळ असतं. पिनकाकांनी त्याचीही सवय करून घेतली.

त्या दिवशी आभाळ सकाळपासून भरलेलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, नुसती हाडात शिरणारी थंडी. दुपारी भंगारवाला आला आणि त्यानं टेबलावर पोतं उलटं केलं.

"बघ पिनकाका, पितळ आहे. चांगला भाव दे, उगाच नाक मुरडू नकोस."

पोत्यातून निघालेली वस्तू कधीकाळी स्टोव्ह होती. आता तिची टाकी एका बाजूनं उमललेली होती, फुलाची पाकळी उलगडावी तशी. पितळ काळंनिळं पडलेलं. पिनकाकांनी ती फिरवली. सांध्याच्या कडेला काहीतरी पांढरट, करपलेलं चिकटलं होतं. त्यांनी बूड वर केलं. काजळीखाली खिळ्याच्या दोन रेघा होत्या, एकीवर एक आडवी.

"कुठून आणलास?"

"पाण्याच्या टाकीमागची चाळ. शेवटची खोली. छत बघशील तर कोळशाचं कोठार. बाई वाचली म्हणे, उजवा हात गेला तेवढा."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे आहे, पण असून नसल्यासारखा. तुला रे काय झालं? तुझा हात भाजल्यासारखा बघतोयस."

त्यानं मागितला तो भाव पिनकाकांनी दिला. घासाघीस केली नाही. भंगारवाला दारात थांबला, वळून बघितलं. "तब्येत बरी आहे ना? तू घासाघीस केली नाहीस तर मला रात्री अन्न जाणार नाही."

तो गेल्यावर पिनकाका खालच्या फळीसमोर उभे राहिले. फळी रिकामी होती. हा फुटका मागच्या कुठल्या तरी हिवाळ्यातला, पण परवाच्या रविवारी आणखी सात स्टोव्ह वाटले गेले होते. सहांचे वायसर जुने होते, ते फार तर हवा धरणार नाहीत, पेटणार नाहीत. पण सातवा? सातव्याच्या टाकीला बोटभर चीर होती. इतका साबण त्यांनी आजवर कुठल्याच टाकीत घातला नव्हता. तो घालताना हातही जरा थबकला होता. पण वाटप दुसऱ्या दिवशी होतं, आणि पाळकसाहेबांनी सात सांगितले होते. सहा दिले असते तर टाळ्या काही कमी पडल्या नसत्या. हे आत्ता सुचत होतं.

त्यांनी अंगात कोट चढवला, हत्यारांची पिशवी घेतली आणि निघाले.

पाळकीणबाई भांडारखोलीत चादरींच्या घड्या घालत होत्या. वाटपाची यादी त्यांच्याकडे असे.

"या काका. आज पायधूळ झाडलीत? पुढच्या वर्षी दहा देणार असाल तरच बसा, नाहीतर उभेच राहा."

"परवाचे कुणाकुणाला गेले ते बघायचं होतं. एकाचा स्क्रू बदलायचा राहिलाय. रंगाला निळसर होता तो."

"निळा होय? तो इस्त्रीवाल्या मावशीला. मीच उचलून दिला, सगळ्यांत देखणा तोच होता." त्यांनी घडी खाली ठेवली. "काका, स्क्रूसाठी एवढ्या थंडीत आलात? लोक दिल्यावर वळूनही बघत नाहीत. तुमचं मन मोठं आहे हो."

पिनकाका पिशवी उचलून वळले. देखणा तोच होता, कारण रंग त्यालाच जास्त लागला होता.

इस्त्रीवाली मावशी कोपऱ्यावरच्या जिन्याखाली कोळशाची इस्त्री फिरवत होती. बाजूला कपड्यांचा ढीग, मागं फाटक्या पडद्याआड तिचं घर. घर म्हणजे एक खाट आणि एक पेटी.

"मावशी, परवाचा स्टोव्ह जरा बघायला आलोय."

"बघा की. सापडला तर मलाही दाखवा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दिला तो."

"दिला? कुणाला? विकलात?"

मावशीनं इस्त्री उभी केली. "विकला असता तर या पडद्याला ठिगळ लागलं असतं. दिला म्हटलं. वरच्या गल्लीतला तो आंधळा शिंपी माहीत आहे ना? बंद छापखान्याच्या माडीवर राहतो. त्याच्याकडे थंडीला काही नाही. माझ्याकडे ही आहे." तिनं इस्त्रीवर चापट मारली. "दिवसभर कोळसा, रात्री उरलेला निखारा. मला काय धाड भरली आहे?"

"पण तुम्हाला मिळालेला, तुम्ही..."

"काय पण? चांगली वस्तू होती म्हणून दिली. मोडकं देऊन आले असते तर बरं दिसलं असतं?" मग ती त्यांच्याकडे नीट बघायला लागली. "का हो, परत न्यायला आलात की काय? दिलेल्या दानाला दोरी बांधून ठेवता का तुम्ही?"

"नाही नाही. स्क्रू बदलायचाय."

"मग बदला जाऊन. आणि लवकर जा. त्यानं अजून पेटवलेला नाही. म्हणतो, एकट्यासाठी कशाला रॉकेल जाळू, कुणी आलं की पेटवीन. येडा आहे. त्याच्याकडे कोण येतंय?"

पिनकाका चालायला लागले. आधी नुसतं चालले, मग भराभर. अजून पेटवलेला नाही. हे ऐकून जिवात जीव यायला हवा होता. पण 'कुणी आलं की पेटवीन' हे पायांनी ऐकलं होतं. रस्त्यात धुकं उतरायला लागलं होतं. एका घरातून पंपाचा आवाज आला, फस्स, फस्स, फस्स, आणि ते जागच्या जागी थिजले. मग आवाज थांबला, स्टोव्ह नीट घुमायला लागला, आतून कुणीतरी हसलं. पिनकाकांनी कपाळ पुसलं. एवढ्या थंडीत त्यांना घाम आला होता.

छापखान्याचा जिना लाकडी होता आणि पायरीगणिक कुरकुरत होता. तिसऱ्या पायरीवर असतानाच वरून आवाज आला.

"कोण आलंय? या, या! अहो, किती दिवसांनी पावलं वाजली. थांबा, दार उघडंच आहे, पण घाई करू नका, मी पेटवतोय!"

"पेटवू नका!" पिनकाका ओरडले.

"काय म्हणालात? या वर, चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही!"

आणि पंपाचा आवाज सुरू झाला. फस्स. फस्स. पिनकाकांनी दोन-दोन पायऱ्या गाठल्या. फस्स. गुडघ्यात कळ गेली. फस्स. त्यांनी दार लोटलं.

खिडक्या बंद, खोलीत उजेड नव्हता. आंधळ्याला दिव्याचं काय काम? उजेड होता तो स्टोव्हच्या वाटीत जळणाऱ्या काकड्याचा, पिवळा आणि लहान. त्याच्यासमोर गळ्यात टेप अडकवलेला एक म्हातारा बसला होता. तोंडभर हसू, हात पंपावर. आणि त्या पिवळ्या उजेडात पिनकाकांना टाकीच्या सांध्यावर एक ओली रेघ चमकताना दिसली. रेघ लांबली. तिच्या टोकाला थेंब धरला.

मग ज्योत त्या रेघेवरून खाली उतरली, मुंगी उतरावी तशी, अजिबात घाई न करता.

पिनकाकांनी कोट काढला की ओरबाडला हे त्यांना नंतर आठवलं नाही. धुक्यानं ओला झालेला तो जाड कोट त्यांनी स्टोव्हवर टाकला आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरला. खोलीत अंधार झाला. कापड करपल्याचा वास आला. मग चाचपडत त्यांनी हवेचा स्क्रू शोधला आणि सोडला. सुस्कारा टाकावा तशी हवा बाहेर आली, बराच वेळ येत राहिली. मग सगळं शांत झालं.

"काय झालं?" शिंप्यानं अंधारातून विचारलं. अंधारात विचारतोय हे अर्थात त्याला माहीत नव्हतं.

पिनकाकांच्या तळव्याला चटका बसला होता. पण तोंड सरावलेलं होतं. तोंड म्हणालं, "काही नाही. पिन अडकली होती. मी स्टोव्हवाला, पिनकाका. सहज बघायला आलो होतो."

"पिनकाका! म्हणजे देणारेच आले!" म्हाताऱ्यानं हात जोडले. "मी काल हा चाचपून बघत होतो. बुडाला क्रूस कोरलेला हाताला लागला. म्हटलं, बघा, हा माणूस प्रार्थना करून देतो. म्हणूनच एकट्यासाठी पेटवायचा धीर झाला नाही."

पिनकाकांना वाटलं, आत्ता उठावं, स्टोव्ह पिशवीत घालावा, उद्या दुसरा आणून देतो म्हणावं आणि जिना उतरावा. आंधळ्याला काय दिसतंय? कोण सांगणार आहे त्याला?

पण शिंप्यानं नाक वर केलं होतं. त्याचा हात पुढे आला, कोटाखाली गेला, टाकीच्या सांध्यावरून फिरला. मग त्यानं बोटाचं टोक अंगठ्यावर घासलं. एकदा. दोनदा.

"साबण आहे हा," तो म्हणाला.

पिनकाकांनी कोट बाजूला ओढला.

"चाळीस वर्षं साबणाच्या चिपेनं कापडावर रेघा मारल्या मी. डोळे गेले, पण हे बोट साबण विसरत नाही. टाकीत साबण कशाला हो?"

बाहेर धुक्यात एक सायकल घंटी वाजवत गेली.

"चीर होती," पिनकाका म्हणाले. "बुजवली."

"विकायच्या स्टोव्हलाही असंच बुजवता?"

"नाही."

"मग तो क्रूस?"

"खूण आहे. विकायच्या मालात जाऊ नये म्हणून."

हे वाक्य त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं होतं. दुकानात ते किती साधं वाटायचं. इथं, या गार खोलीत, ते बाहेर पडलं आणि दोघांच्या मध्ये जमिनीवर बसून राहिलं.

शिंपी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिला. "मीही शिवायचो," तो शेवटी म्हणाला. "थंडीच्या दिवसांत, गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांतून, ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. एक बाही काळी, एक करडी. लोक हसायचे. पण टाका तोच घालायचो, जो पैसेवाल्याला घालायचो. कापड उरलेलं होतं हो. टाका कसा उरलेला घालणार?"

पिनकाका म्हणाले, "मला क्षमा करा."

"माझं काय, मी बसलोय की धडधाकट." म्हाताऱ्यानं मान वळवली आणि ते न दिसणारे डोळे बरोबर त्यांच्या तोंडावर येऊन थांबले. "मला एक सांगा. साबणाचा हा पहिलाच?"

पिनकाकांच्या डोळ्यांसमोर खालची फळी आली. एका हिवाळ्याची नव्हे, अकरा हिवाळ्यांची. रंगवलेल्या टाक्यांची रांग, प्रत्येकीच्या बुडाला दोन रेघा. कुठली कुठल्या घरात गेली? किती पेटल्या, किती उमलल्या? एखाद्या घरात छत काळं झालं असेल तर लोक काय म्हणाले असतील? बाईच वेंधळी. पंप जास्त मारला. नशीब फुटकं. स्टोव्ह वाईट असं कोण म्हणणार? देणगीचा स्टोव्ह, वर क्रूस कोरलेला.

"नाही," ते म्हणाले. "पहिला नाही."

"मग इथं का बसलात?"

पिनकाका उठले. करपलेला कोट त्यांनी शिंप्याच्या खांद्यावर टाकला. दुसरं काही जवळ नव्हतं. निळा स्टोव्ह उचलला आणि जिना उतरले. मागून आवाज आला, "काका, चहा राहिला आपला." त्या आवाजात काय होतं, क्षमा की आठवण, हे त्यांना सांगता आलं नसतं.

दुकानात बायको कंदील पुसत होती. अंगावर कोट नाही, तळवा लाल, हातात तो स्टोव्ह. तिनं बघितलं आणि पुसणं थांबवलं. पिनकाकांनी टेबलावरचा फुटका स्टोव्ह आणि हा निळा शेजारी शेजारी ठेवले आणि सगळं सांगितलं. मध्ये एकदाच थांबले, चाळीतल्या त्या बाईच्या उजव्या हाताशी आल्यावर.

बायकोनं कंदील खाली ठेवला. मग स्टूल ओढलं, वर चढली आणि वरच्या फळीवरचे स्टोव्ह एकेक करून उतरवायला लागली.

"किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"पुरायचे नाहीत."

"नाहीत पुरायचे," ती म्हणाली. "घरातला धरून दहा. एक त्या शिंप्याला मीच नेऊन देते, जिना तुम्हाला झेपायचा नाही आता. पाळकीणबाईंकडून जुन्या याद्या आणते. तुम्ही जा. अंधार पडायच्या आत जितकी दारं होतील तितकी."

"काय सांगू दारात?"

"जे इथं सांगितलंत तेच."

पाण्याच्या टाकीमागची चाळ त्यांना दुरूनच ओळखता आली. शेवटच्या खोलीच्या दारावरची भिंत काळी होती, वर निमुळती होत गेलेली, ज्योतीच्या आकाराची. पिनकाका एका हातात घासूनपुसून लख्ख केलेला स्टोव्ह घेऊन उभे राहिले. त्याच्या बुडावर कसलीही खूण नव्हती.

दार उघडलं ते डाव्या हातानं. उजवा हात पांढऱ्या कापडात गुंडाळून गळ्यात अडकवलेला. बाई तरुण होती. त्यांना वाटलं होतं म्हातारी असेल. तिनं त्यांना ओळखलं, आणि तिचं तोंड ओशाळं झालं.

"अगं बाई, पिनकाका! तुमच्या कानावर आलंच का? रागावू नका हो. एवढा चांगला दिलेला स्टोव्ह तुम्ही, माझ्याच हातून पंप जास्त बसला असणार. वस्तू सांभाळता आली नाही मला." मग तिची नजर त्यांच्या हाताकडे गेली. "आणि हा आणखी? नका हो, मला नका देऊ. मी हाही फोडीन."

पिनकाकांनी कानावरची पिन काढली आणि मुठीत धरली. बोलायला तोंड उघडलं.

चाळीत दिवेलागणीची वेळ झाली होती. मधल्या खोल्यांपैकी कुठल्या तरी दारामागं कुणीतरी पंप मारायला बसलं. फस्स. फस्स. फस्स. त्या घराचं नाव कुठल्या वर्षीच्या यादीत होतं की नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बाई," पिनकाका म्हणाले, "तुमच्या हातून काही झालेलं नाही. ऐका. आणि मला आधी हे सांगा, तो आवाज कुठल्या खोलीतून येतोय?"